तासांचं मीटर

एकतीस वर्षं वरूड डेपोत गाडी चालवली.
पंचावन्न बसलेले, वीसेक उभे,
टपावर टोपल्या, कोंबड्या, एकदा नवरीचा पलंग.
आणि आता हे घ्यायला निघालो,
माझ्या छातीएवढं.

शोरूमचा पोरगा म्हणाला, काका, पंचेचाळीसचं घ्या,
गावात मान राहतो.
मी विचारलं, हा मान किती फुटात वळतो?
तो कागद चाळत बसला.

आदल्या दिवशी गुंफानं आणि मी
दोराला गाठी मारून संत्र्याच्या ओळी मोजल्या होत्या.
लावली तेव्हा झाडांत अठरा फूट.
आता फांद्या अशा ऐसपैस,
की मधे पाच फूट उजेड उरला.
"या उजेडात मावंल थेच घ्याचं," गुंफा म्हणाली
आणि दोर कमरेला बांधून पुढं चालू लागली.

म्हणून जुनं पाहिलं. परतवाड्याकडे,
पुंजाराम ढेप्यांच्या गोठ्यात, गाईच्या शेजारी,
अठरा हॉर्सपॉवर, उन्हानं लालाचा गाजरी झालेला.
मीटरवर सहाशे दहा तास.
मीटर मी पाहिल्यासारखं केलं, पाहिलं ब्रेकचं रबर:
एकही रेघ शिल्लक नाही, टकलासारखं गुळगुळीत.
सहाशे तासांत पाय एवढं झिजवत नाही.
बॉनेटवर तळहात ठेवला. कोमट.
म्हणजे मी यायच्या आधीच कोणीतरी ह्याला उठवलं होतं.
"निवू द्या," म्हणालो, "तोवर चहा घेऊ."
दोन चहा, एक पान,
त्यांच्या पोरीच्या लग्नाची सगळी हकीकत, आचाऱ्यासकट,
मग पुन्हा हात. गार.
चावी फिरवली. तीनदा खोकलं, पांढरा धूर सोडला,
धूर विरला.
निळा असता तर तसाच उठून आलो असतो.
काडीवरचं ऑईल बोटात चोळलं, काळं होतं, दुधाळ नव्हतं.
"मीटर खोटं बोलते, भाऊ."
ढेपे हसले. "मंग तिथंच भाव करा ना जी."
केला.

नत्थू कुबडे धुऱ्यावर उभाच.
"पिल्लू आणलं का बाप्पा? माय कुठी हाय याची?"
मी ओळीत घातलं. फांदीनं टोपी उडवली,
बाकी कशाला काही लागलं नाही.
नत्थू बिडी विझेपर्यंत पाहत राहिला.

आता सकाळी कणीक भिजवता भिजवता गुंफा विचारते,
"पाजलं का त्याले?"
डिझेल मलमलच्या फडक्यातून.
एअर क्लीनरच्या वाटीत उन्हाळाभर गाळ बसतो,
काळ्या मातीचा, पिठल्यासारखा दाट.
खरवडायचा, वाटी धुवायची, नवं तेल रेघेपर्यंत,
रेघेच्या वर थेंब नाही.
ग्रीसचे निप्पल सात. सहा हाताशी आहेत.
सातव्यासाठी पोत्यावर पालथं पडावं लागतं.
साठी ओलांडल्यावर माणसानं
दिवसातून एकदा कशापुढं तरी पालथं पडावं, बरं असते.

श्रावणात खारीनं बॅटरीची वायर कुरतडली.
गुंफानं तिथं तंबाखूची पुडी बांधली.
खार गेली. पुडी हलकी होत राहिली.
त्याबद्दल मला कोणी विचारू नये.

बसचं मीटर किलोमीटर मोजायचं.
रिटायर झालो त्या रात्री हिशेब मांडला,
पृथ्वीला पन्नासेक वेढे होतात,
आणि उतरलो तो वरूडलाच.
हे विचारत नाही, किती लांब गेला होता.
किती वेळ चालू होता, एवढंच लिहून घेते,
तीन एकरांत, त्याच झाडांमधून, त्याच चाकोरीत.

ओळीच्या टोकाला वळताना
अजून डोळा आरशाकडे जातो. आरसा नाही.
पाय क्लचवर, आणि मी थांबून राहतो
कशाची तरी वाट पाहत, मागून यायच्या.
गुंफाच्या हे लक्षात आलं असणार.
काल मी असाच थांबलो,
तर मागून तिनं विळ्यानं बादलीवर वाजवलं,
दोनदा.

गिअर टाकला.
मीटरवर सहाशे त्र्याहत्तर.
त्यातले खरे किती ते ढेप्यांना ठाऊक.
त्रेसष्ट आमचे.
सातशेला ऑईल बदलायचं आहे, कॅलेंडरवर लिहिलंय,
दुधाच्या हिशेबाखाली, तिच्या अक्षरात.